अनुभव धागा : विशीत हवं होतं, ते राहूनच गेलं

गोदाकाठची
काल धरणातून पाणी सोडलं म्हणून आम्ही दोघं नाशिकच्या होळकर पुलावर गेलो होतो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला (पूर किती, ते इथे त्याच्यावरूनच मोजतात) पाणी कुठवर लागलंय याचे फोटो नवरा काढत होता आणि मला २ ऑगस्ट २०१६ आठवला. तेव्हा मारुती बुडालाच होता. पूर बघायला ही गर्दी, पोलीस शिट्ट्या मारून मागे सारत होते. त्या रेट्यात वर्गातल्या एकाने माझं मनगट धरलं. हात नाही हं, मनगट. गर्दी सरली तरी सोडलं नाही. नाकावरून पावसाचं पाणी गळत होतं, मी पुसलं नाही, उगाच हात हलायला नको. दिवाळीनंतर तो बंगळूरला. फोन आधी रोज, मग रविवारी, मग वाढदिवसाला. भांडण तरी व्हायला हवं होतं.
तुमचंही लिहा. ज्यांचं लग्नापर्यंत पोचलं त्यांनी वेगळा धागा काढा :)

तिवंध्याचा
आमची रहाड (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जमिनीतला हौद) तिवंध्याची, रंग पिवळा. मला आवडायची ती शनि चौकातली, तिथला रंग गुलाबी. रंगपंचमीला घरची रहाड सोडून मी गुपचूप तिकडे, कारण तिची गॅलरी समोरच. धप्पा मारायचा, म्हणजे रहाडीत उडी, वर आलं की आधी गॅलरीकडे बघायचं. एकदा तिने वरून बादली ओतली माझ्यावर. तेवढंच आमचं बोलणं. घरी गेलो तर सगळे पिवळे आणि मी एकटा गुलाबी! पुढच्या वर्षी गॅलरीत तिची वहिनी उभी. हिला पुण्याला दिलेली.

कुकरवाली
अगं गोदाकाठची, मनगट वाचून कसंतरीच झालं. माझंही आहे, पण शिट्ट्या होतायत, रात्री लिहिते.

पासहोल्डर
नाशिकहून मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस, पासवाल्यांचा डबा. ती कल्याणला उतरायची, मी दादरला. आमच्या डब्यात पत्ते, भजनं, कुणाच्या तरी डब्यातला साबुदाणा, सगळं सार्वजनिक. त्यात एकटीशी बोलणार कधी? थंडीत काचा लावलेल्या असल्या की कसाऱ्याच्या घाटात मजा. बोगदा आला की बाहेर अंधार आणि काचेत तिचा चेहरा. थेट बघायची हिंमत नव्हती, काचेत बघायचो. एकदा तीही काचेतूनच बघत होती. हसली. पुढचा बोगदा येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही.
मार्च २०२० ला गाड्या बंद. नंबर नव्हता माझ्याकडे. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतो? गाडी सुरू झाली तेव्हा तिचं बहुतेक घरूनच काम सुरू राहिलं असावं. आडनावही माहीत नाही, डब्यात सगळे तिला ताईच म्हणायचे. मी सोडून.

सिडकोकर
‘मी सोडून’ 😂 भावा, तिथेच सगळ्यांना कळलं असणार.

मिसळ_आणि_मी
आमचं प्रेम सोमेश्वरला सुरू झालं आणि मिसळीवरून मोडलं, तिला तिखट चालत नव्हतं. गंभीर धागा आहे माहितीये, माफी. कॉलेज रोडला रविवारी गाडी कुठे लावता हो तुम्ही लोक?

सिडकोकर
लावत नाही. रिक्षा.

अबोली
आमचं मोडून बराच काळ झाला होता. मीच मोडलं, घरचे ऐकेनात. एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. मित्राच्या स्टेटसला फोटो आणि हार, तिथून कळलं. त्याआधी ग्रुपवर कुणासाठी तरी बेड शोधत होते, तो मेसेज मी पुढे पाठवलाही होता, पेशंटचं नाव न वाचता.
मला ना सुतक, ना कुणाला फोन करायचा हक्क. अकराची मीटिंग केली, कॅमेरा चालू ठेवून. त्याच्या मानेला उन्हात वास यायचा, साबण आणि बाइकचं ऑइल असा काहीतरी. हे कुणाला सांगणार? त्याच्या आईला तर नाहीच.

गोदाकाठची
अबोली, इथे सांगत जा गं.

कुकरवाली
आले होते लिहायला. अबोलीचं वाचलं, आज माझं राहू दे.

पासहोल्डर
@तिवंध्याचा, गुलाबी होऊन घरी गेलास त्याचं काय झालं पण?

तिवंध्याचा
आईने पाहिलं, काही बोलली नाही. डोक्यावर दोन तांबे पिवळा ओतला आणि म्हणाली, आता जा बाबांसमोर.