शिकारीसाठी बिऱ्हाड हलवायचं तर कुठे? माझं मत: मोंटाना

नेपरविलकर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली. कंपनीने ऑफिसची जागाच सोडून दिली, आता कायम घरून काम. शिकागोच्या या उपनगरात राहायला काही कारण उरलं नाही. सात वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने मला विस्कॉन्सिनच्या जंगलात नेलं आणि तेव्हापासून नोव्हेंबर आला की हात शिवशिवायला लागतात. बायको म्हणते, हलायचं तर एकदाच हलू, पण नीट विचार करून. म्हणून हा प्रपंच.

प्राणी कुठे जास्त आहेत याच्या याद्या पुष्कळ वाचल्या. त्या वाचून काही ठरत नाही. टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, कोणाच्या हातात पडतो आणि जमिनीवर पाय कोण ठेवू देतो, सगळं इथे अडतं. आमच्या इलिनॉयमध्ये मैलोन् मैल मका आणि सोयाबीन, आणि प्रत्येक शेताला मालक. नेव्हाडात ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, पण साध्या हरणाचा टॅगसुद्धा सोडतीत, तोही तिथल्या रहिवाशाला! म्हाडाच्या घरासारखं अर्ज भरत बसायचं.

मोंटानात रहिवासी असाल तर एल्क या मोठ्या हरणाचा टॅग वीस डॉलरला दुकानात मिळतो. बाहेरच्याला तोच हजार डॉलरच्या पुढे पडतो, वर १७ हजारांची मर्यादा आणि सोडत. रायफलचा मोसम पाच आठवड्यांचा, त्याआधी धनुष्यबाणाचा सहा आठवड्यांचा. राज्याची सुमारे २९ टक्के जमीन केंद्राची. शिवाय ब्लॉक मॅनेजमेंट नावाची योजना आहे, तिच्यात शेतकरी-रँचवाले आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतात आणि राज्य त्यांना मोबदला देतं. तशी साधारण ७० लाख एकर जमीन आहे. रहिवासी व्हायला सलग १८० दिवस पुरतात. शेजारच्या वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष लागतं.

आयडाहो का नाही, असं कोणी विचारेलच. तिथे तर ६० टक्क्यांहून जास्त जमीन केंद्राची आहे. खरं सांगू? मोंटाना मी पाहिलाय, आयडाहो पाहिलेला नाही. आता हाणा.

मिलवॉकीचा_बंड्या:

काका, तुम्ही जमिनीचा सातबारा काढलात आणि माणसं विसरलात.

शिकार शिकलात कुठे? विस्कॉन्सिनला. इथे बंदुकीने हरणं मारायचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. या नऊ दिवसांत साडेपाच-सहा लाख माणसं केशरी जॅकेटं घालून रानात असतात. गावच्या जत्रेला चाकरमानी परततात तशी पोरं शहरातून आजोबांच्या केबिनवर परततात. मला पहिल्या वर्षी शेजाऱ्याने त्यांच्या डिअर कॅम्पवर नेलं. माझ्या हातून काही झालं नाही, पण रात्री पत्ते, बिअर आणि मी केलेला हरणाच्या मांसाचा तांबडा रस्सा. आता आमंत्रण कायमचं आहे, रश्श्याच्या अटीवर.

रहिवासी व्हायला तीस दिवस. तुमच्या घरापासून सीमा दीड तासावर. मोंटानाला तुम्हाला कोण नेणार कॅम्पवर?

नेपरविलकर:

बंड्या, रस्सा मान्य. पण सीडब्ल्यूडीचं काय? हरणांचा हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला आणि दक्षिणेकडच्या काही काउंट्यांत आता मुरलाय. गेल्या वर्षी मी मारलेल्या नराचं डोकं तपासणीला दिलं आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये पडून. बायको रोज विचारायची, हे खायचं की फेकायचं?

मिलवॉकीचा_बंड्या:

मोंटानात २०१७ पासून तोच रोग आहे, काका. तपासणी तिथेही करावीच लागेल.

ऑस्टिनकर:

दोघेही थंडीत कुडकुडत भांडा. टेक्सासला या.

आपल्याकडचं चितळ, काळवीट आणि नीलगाय, तिन्ही इथे मोकळी फिरतात. नीलगाय किंग रँचवर गेल्या शतकाच्या पहिल्या तिशीत आणली, चितळ आणि काळवीट १९३२ च्या सुमारास. सरकारदरबारी ही 'एक्झॉटिक', म्हणून यांना ना बंद मोसम, ना मारण्याची मर्यादा. साधा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी, बस्स. खासगी जमिनीवरच्या रानडुकराला तर २०१९ पासून परवानाही लागत नाही. चितळाचं मांस खाल्लं नसेल तर तुमच्या त्या व्हाइटटेल हरणाबद्दल बोलूच नका. रानटी वास म्हणून नाही.

नेपरविलकर:

ऑस्टिनकर, टेक्सासची ९५ टक्के जमीन खासगी आहे. म्हणजे दर वर्षी कोणाला तरी लीजचे पैसे मोजा, नाहीतर आठ फुटी कुंपणाच्या आत दरपत्रक बघून प्राणी निवडा. ज्या काळविटापायी भारतात माणूस तुरुंगात जातो त्याचा इथे भाव लावलेला असतो, शिंगांच्या इंचावर. मला ती शिकार वाटत नाही. मटणाच्या दुकानात पाठीवर बंदूक घेऊन गेल्यासारखं आहे ते.

ऑस्टिनकर:

सगळं टेक्सास कुंपणात नसतं हो. किंग रँच आठ लाख एकरांच्या वर आहे, तिथली नीलगाय गाठायला तुमच्या एल्कइतकंच रक्त आटवावं लागतं. वाऱ्याची जरा चाहूल लागली की मैलभर पळते, आणि कातडी अशी की नीट जागी गोळी बसली नाही तर तिला फरक पडत नाही. लीजचं म्हणाल तर आम्ही पाच जण मिळून घेतो. माझ्या हिश्श्याला येणारे पैसे तुमच्या मोंटानाच्या बर्फाच्या टायरांत आणि हीटिंगच्या बिलात जातील. कुंपणातली शिकार मीही करत नाही, पण सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका.

गोळाबेरीज:

सीएची सवय, आकडे मांडतो. मोंटानातल्या बोझमनच्या घरांचे भाव कोव्हिडनंतर कुठे गेले ते एकदा बघा. तुमच्या टॅगवर वर्षाला वाचणार हजारभर डॉलर. तेवढ्या बचतीतून घराच्या किमतीतला फरक भरून निघायला तुमच्या नातवंडांनाही एल्क मारावे लागतील. आहात तिथेच राहा, दर वर्षी एकदा बाहेरचा म्हणून जा. मोसम पाच आठवडे. उरलेले सत्तेचाळीस आठवडे माणूस कुठे राहतो याला किंमत आहे की नाही?

नेपरविलकर:

'दर वर्षी एकदा जा' हे दहा वर्षांपूर्वी चाललं असतं. आता बाहेरच्यांसाठी एकेक दार बंद होतंय. कोलोराडोत एल्कचा धनुष्यबाणाचा टॅग बाहेरच्यालाही सरळ दुकानात मिळायचा. २०२५ पासून राज्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जिथे एल्क आहेत तिथे, बाहेरच्याला सोडतीत नाव घालावं लागतं. वायोमिंगच्या विल्डरनेसमध्ये, म्हणजे राखीव रानात, बाहेरचा माणूस मोठ्या प्राण्यांची शिकार करायला गेला तर वाटाड्या सक्तीचा, जमीन केंद्राची असली तरी. मी पंचावन्नचा आहे. सोडत लागेपर्यंत गुडघे थांबणार नाहीत. तुमच्या हिशेबात गुडघ्यांचा घसारा धरा.

बोझमनबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मी मोंटानातल्याच बिलिंग्जचा विचार करतोय.

मिझूलाची_मृणाल:

मोंटानात नऊ वर्षं राहते, म्हणून लिहिते. धागाकर्त्यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्या २९ टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका.

एक तर सगळ्या सरकारी जमिनीवर पोचता येत नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन वाटले, त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एक घर सरकारचं, शेजारचं रँचवाल्याचं. सरकारी घराच्या कोपऱ्यावरून समोरच्या सरकारी घरात उडी मारली तर खासगी हवेतून गेलात म्हणून खटला. वायोमिंगमध्ये २०२१ साली मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी लावली आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ मध्ये टेन्थ सर्किटने, म्हणजे वायोमिंग ज्याच्याखाली येतं त्या केंद्राच्या अपील कोर्टाने, निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला. पण मोंटाना त्या सर्किटमध्ये येत नाही. इथे तो कोपरा अजून धोक्याचाच आहे.

दुसरं, एल्कला हे सगळं आपल्याआधी कळतं. मोसमाच्या पहिल्या शनिवारी चार गोळ्या वाजल्या की कळप सरकारी डोंगर सोडून रँचवर उतरतात. तुम्ही कुंपणाबाहेर दुर्बीण लावून बसा, ते आत अल्फाल्फाचा चारा खातात.

तिसरं, मारल्यावर काय? तीन वर्षांपूर्वी दुपारी तीनला मी एक मादी पाडली, गाडीपासून सहा किलोमीटरवर. नवरा कामावर होता. पोट साफ करून, चारही पाय आणि पाठीचं मांस सुटं करून कापडी पिशव्यांत भरेपर्यंत अंधार पडला. ग्रिझली अस्वलांचा भाग, कंबरेला बेअर स्प्रे, एकटीच मोठमोठ्याने आरत्या म्हणत होते. रात्री एक फेरी झाली, उरलेलं मांस रक्ताच्या जागेपासून लांब झाडावर टांगलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी तीन फेऱ्या मारल्या. पाठ आठवडाभर धरली. फ्रीझर मात्र वर्षभर भरलेला होता.

तरी या. पण सहकारी घेऊन या, नाहीतर इथे आल्यावर आधी माणसं जोडा. बंड्या म्हणतो ते खरं आहे.

चंद्रपूरची_लेक:

मला हा धागा वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे १९७२ साली कायदा झाला, कारण शिकारीने रान रिकामं झालं होतं. त्या वर्षीच्या गणतीत देशभरात वाघ भरले १,८२७. आपली माणसं परदेशात जाऊन बंदूक चालवण्यासाठी घर हलवतात? फोटो काढायला जा की.

ऑस्टिनकर:

ताई, इथे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे. तो पैसा १९३७ च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, वर परवान्याची फी. कॅमेऱ्यावर असा कर नाही.

चंद्रपूरची_लेक:

हा युक्तिवाद मला माहीत आहे. तो कर सगळ्या बंदुकांवर आहे. घरात संरक्षणासाठी पिस्तूल घेणारा, रेंजवर गोळ्या उडवणारा, सगळे भरतात. त्यातले कितीतरी जण कधी रानात गेलेले नसतात. श्रेय तेवढं शिकाऱ्यांनी का घ्यायचं? आणि यलोस्टोनमध्ये लांडगे परत यायला १९९५ साल उजाडलं, तेही माणसांनी आणून सोडले तेव्हा. त्यांना आधी संपवलं कोणी?

मिझूलाची_मृणाल:

लांडग्यांचं बरोबर बोललीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी वर्षाला एक जनावर मारते आणि दुकानातून मांस आणत नाही, एवढंच सांगू शकते.

तळकोकणी:

अवांतर: आमच्या गावात आजोबांच्या काळी डुकराचा हाका व्हायचा. रान उठवणाऱ्या पोरापासून बार टाकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा वाटा ठरलेला, आणि जो आजारी म्हणून आला नाही त्याच्याही घरी पान पोचायचं. इथे सगळे टॅग आणि एकर मोजतायत, वाटे कोणी मोजले नाहीत. बंड्याचा कॅम्प मला त्यातल्या त्यात ओळखीचा वाटला.

धागाकर्त्यांना ग्रीन कार्ड आहे ना? एच-१बीवर असताना बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद होतो. माझ्या मित्राने हे न वाचता भावाची रायफल गाडीत ठेवली होती, नशीब म्हणून निभावलं.

नेपरविलकर:

ग्रीन कार्ड आहे, पाच वर्षं झाली.

बायकोने धागा वाचला. मृणालताईंची रात्रीची फेरी तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, 'मी पिशव्या उचलणार नाही.' हिवाळ्यात दोन आठवडे बिलिंग्जला भाड्याने राहून बघायचं ठरलंय. फेब्रुवारीत आवडलं तर मे महिन्यात हलायचं. बंड्या, या वर्षीचा नोव्हेंबर तुझ्या कॅम्पवर. रस्सा मी करतो.

मिझूलाची_मृणाल:

मे नको. १ मेला आलात तर १८० दिवस २७ ऑक्टोबरला भरतात. मोसम त्याच्या आधीच्या शनिवारी उघडतो, म्हणजे पहिला शनिवार-रविवार गेला, आणि एल्क रँचवर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत या. खास परमिटच्या सोडतीचे अर्ज १ एप्रिलला बंद होतात, ते पहिल्या वर्षी रहिवासी म्हणून मिळणारच नाहीत, त्यावर पाणी सोडा. आणि गाडीची नंबरप्लेट आल्या आल्या बदला. इलिनॉयची प्लेट घेऊन रानवाटेच्या तोंडाशी उभ्या गाडीच्या मालकाने रहिवाशाचा टॅग दाखवला की शिकार खात्याचा वॉर्डन तारखा मोजायला बसतो.