स्वित्झर्लंड: शहरात परवडणारं छोटं हॉटेल कुठे बघावं?

रानवाटा
नमस्कार मंडळी. जूनच्या मध्यावर स्वित्झर्लंडला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि साबा (सासूबाई, वय ७१, गुडघे कुरकुरतात). टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे पक्कं. डोंगरातल्या राहण्याची सोय झाली आहे, पण सुरुवातीला एखाद्या शहरात राहून आसपास फिरावं असा विचार आहे. झुरिकचे दर बघून डोळे पांढरे झाले. छोटं, स्वच्छ, स्टेशनजवळचं काहीतरी हवं. थाटमाट नको. शहर कुठलं घ्यावं इथपासून सांगा.

मुक्काम पोस्ट
झुरिकचा हट्ट सोडा, बाझल बघा. खोलीचा दर काही फार कमी नसतो, पण तिथे हॉटेलात उतरलेल्या प्रत्येकाला बाझलकार्ड मिळतं. शहरातल्या ट्रॅम-बस फुकट आणि संग्रहालयांना निम्मं तिकीट. पहिल्या दिवशी हॉटेलच्या बुकिंगचा कागद जवळ असला की स्टेशनवरून हॉटेलपर्यंतचं तिकीटही लागत नाही. बर्न, जिनिव्हा आणि लोझानलाही हॉटेलच्या पाहुण्यांना प्रवासाचं कार्ड मिळतं. झुरिकला असलं काही नाही, तिथे झुरिक कार्ड विकत घ्यावं लागतं. तीन माणसांचा रोजचा ट्रॅमखर्च खोलीच्या भाड्यात मिळवून मगच तुलना करा. आणि बाझलहून झुरिक, बर्न, लुसर्न सगळं साधारण तासाभरावर.

निवांत
थांबा थांबा. जूनच्या मध्यावर बाझलला आर्ट बाझल हा मोठा कलामेळा असतो. त्या आठवड्यात साध्या लॉजसारख्या खोल्यांचेही भाव आभाळाला टेकतात. तारखा आधी जुळवून बघा. एरवी बाझल, झुरिक, जिनिव्हा ही कामाधंद्याची शहरं, त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या रात्री बऱ्याचदा स्वस्त पडतात. डोंगराळ गावांत नेमकं उलटं. तेव्हा शनिवार-रविवार शहरात आणि आठवड्याचे मधले दिवस डोंगरात, असं बसवता आलं तर बघा.

कोरा कागद
बाझलच्या सीमेपलीकडे राहा की! जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनपर्यंत ८ नंबरची ट्रॅम जाते, फ्रान्समधल्या सँ-लुईपर्यंत ३ नंबरची. हॉटेलं बरीच स्वस्त.

मुक्काम पोस्ट
@निवांत, जूनचं लक्षातच आलं नव्हतं, बरोबर आहे. मग बर्न. जुन्या शहरात मैलोगणती छताखालच्या कमानी आहेत, पाऊस आला तरी साबा कोरड्या.
@कोरा कागद, सीमेपलीकडे राहिलं तर बाझलकार्ड मिळत नाही. शिवाय शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज जिथे जास्त रात्री त्या देशाकडे करायचा असतो. यांचा बाकी मुक्काम स्वित्झर्लंडात आहे म्हणून चालेल, पण रात्री मोजूनच ठरवा.

आल्याचा चहा
शहर कुठलंही घ्या, पण साबा बरोबर आहेत म्हणून बुकिंगआधी मेल करून लिफ्टचं विचाराच. जुन्या इमारतींतल्या छोट्या हॉटेलांत ती असेलच असं नाही. तिथे तळमजला शून्य धरतात, म्हणजे 'दुसरा मजला' आपल्यासारखाच दोन जिने वर. दर फारच कमी दिसला तर संडास-बाथरूम खोलीबाहेर, मजल्यावर सामाईक असण्याची शक्यता जास्त. खोलीच्या फोटोत वॉशबेसिन दिसतं आणि आपण फसतो. रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला ते नकोच.

एसी बहुतेक ठिकाणी नसतो. उन्हाळ्यात खिडकी उघडी टाकून झोपायचं, म्हणून रस्त्याकडची खोली नको, अंगणाकडची मागा. झुरिकची लांगश्ट्रास आणि जिनिव्हाचा पाकी भाग, दोन्हीकडे परवडणारी हॉटेलं सापडतात, पण रात्रभर गजबज असते. आम्हा दोघांना काही वाटलं नाही, आईला घेऊन मात्र मी तिथे उतरणार नाही. रिसेप्शन संध्याकाळीच बंद होतं अशीही हॉटेलं आहेत. दाराचा कोड मेलने येतो, विमान उशिरा उतरणार असेल तर तो आधीच मागून घ्या.

तिघांच्या खोलीतला तिसरा पलंग पुष्कळदा उघडायचा सोफा निघतो. तो कुणाच्या वाट्याला येणार हे घरीच ठरवा :)

निवांत
खाण्याचं: नाश्ता दरात धरलेला असेल तर उत्तम, वेगळे पैसे असतील तर सोडून द्या. रविवारी दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांवरची कोऑप आणि मिग्रो उघडी असतात. ब्रेड, चीज, दही, फळं घ्यायची. नळाचं पाणी बिनधास्त प्या. खोलीत कुकर-शेगडीचे प्रयोग नकोत. थेपले, चिवडा न्या, पण पेढे, तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे.

सह्यवारा
एक शंका. स्विस ट्रॅव्हल पास (देशभरातल्या रेल्वे-बसचा) घेणार आहात का? त्यात शहरातल्या ट्रॅम-बस येतातच, मग हॉटेलच्या कार्डाचा हिशेब तितकासा उरत नाही. तसं असेल तर ओल्टन बघा. रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. बाझल, बर्न, झुरिक तिन्ही अर्ध्या-पाऊण तासात, आणि पर्यटक तिथे फारसे उतरत नाहीत.

रानवाटा
हो, पास घेतोय. म्हणजे ओल्टन! पण संध्याकाळी तिथे काही असतं का?

सह्यवारा
आरे नदीवरचा झाकलेला लाकडी पूल, छोटं जुनं गाव, एखादं कॉफीचं दुकान. आठनंतर सामसूम. साबांना आवडेल, नवऱ्याचं तुम्ही बघा. नाहीतर पहिल्या रात्री बर्न, मग ओल्टन. आपला जाड गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, अॅडॉप्टर इथूनच घ्या.