प्रति: फूटचा नकाशा आणि बोअर
भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटचा १८७६ चा इथल्या खडकांचा नकाशा आता रद्दी, बोअर मारताना त्याचा काय उपयोग, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. पाणी त्यात नाहीच, पण काळा पाषाण (बेसाल्ट) कुठे संपतो आणि कलादगीचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला दगड, कुठे उघडा पडतो ते आहे. गोकाकचा धबधबा पडतो तो याच वालुकाश्मावरून.

आमच्या गोकाकजवळच्या रानात पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली. तिथे बोअर मारताना मुरमाखाली, काळ्या पाषाणाची काळी भुकटी येत होती तोवर, जरा ओल लागली. मग वालुकाश्माची साखरेसारखी पांढरट, कोरडी भुकटी उडायला लागली. बोअरचा गाडीवाला कानडीत म्हणाला, "नीर इल्ला री," म्हणजे पाणी नाही हो. तरी काकांनी हट्टाने आणखी १०० फूट मारायला लावलं. या दगडात पाणी असतं ते भेगांत, भेग चुकली की नुसती धूळ. नकाशा आधी बघितला असता तर निदान काकांशी भांडता आलं असतं.