'ईगल' १९६९ मध्ये नाही, १९५९ मध्येच संपलं

रद्दीतला_राजा
१४ एप्रिल १९५० ला लंडनच्या हल्टन प्रेसने मुलांसाठी 'ईगल' हे चित्रकथा-साप्ताहिक काढलं. कल्पना मार्कस मॉरिस या पाद्र्याची. अमेरिकन भयकथांनी पोरं बिघडतायत, तर त्याच तोडीचं पण सभ्य काहीतरी देऊ, हा त्याचा ध्यास. चित्रकार फ्रँक हॅम्पसन. पहिल्या पानावर रंगीत अंतराळवीर डॅन डेअर, शेवटच्या पानावर संत पॉल! पहिला अंक नऊ लाखांच्या आसपास खपला.

शेवटचा अंक एप्रिल १९६९ चा. पण १९५९ मध्ये ओडम्स या दुसऱ्या प्रकाशकाने हल्टन विकत घेतली, त्याच वर्षी मॉरिस बाहेर पडला आणि हॅम्पसनने डॅन डेअर सोडला. १९६१ मध्ये सगळं मिरर या वृत्तपत्र गटाकडे गेलं. १९६२ मध्ये डॅन डेअरला पहिल्या पानावरून उठवून आत काळ्यापांढऱ्यात बसवलं. उरलेली वर्षं नुसती नावाची. मालकांनीच मारलं.

हिशेबनीस
साफ असहमत. हॅम्पसनच्या स्टुडिओचा खर्च कोण बघणार? आठवड्याला दोन पानं, त्यासाठी सहायकांचा ताफा, यानांची मॉडेल्स, सहायकांनाच उभं करून काढलेले फोटो. हे हल्टनला तरी कुठे झेपत होतं? त्यांचं 'पिक्चर पोस्ट' हे सचित्र साप्ताहिक १९५७ मध्येच बंद पडलं होतं. १९५५ पासून व्यापारी टीव्ही घराघरात शिरत होता. नव्या मालकाने कात्री लावली नसती तर १९६९ सुद्धा दिसलं नसतं.

चित्रचक्रम
'नावाची वर्षं' कशी हो? चित्रकार फ्रँक बेलामीची 'हेरॉस द स्पार्टन' ही चित्रकथा १९६२ नंतरचीच आहे. मधली दोन पानं जोडून, पूर्ण रंगात! माझ्या मते 'ईगल'मधलं सर्वात देखणं काम तेच. धागा डॅन डेअरवर काढा, 'ईगल'वर नको.

रद्दीतला_राजा
बेलामी मान्य, शंभर टक्के. पण त्याच बेलामीला आधी डॅन डेअरवर बसवून यानं आणि गणवेश बदलायला लावले. का? चालत्या गाडीची चाकं काढायची हौस. आणि हॅम्पसनचे हक्क प्रकाशकाकडेच राहिले. डॅन डेअरच्या खेळण्यांवर इतरांनी कमावलं. १९७५ मध्ये इटलीत लुक्काला जगभरच्या चित्रकारांनी त्याला गौरवलं, तेव्हा हा माणूस एका कॉलेजात तंत्रज्ञाची नोकरी करत होता.

हिशेबनीस
वाईट झालं, पण तेव्हाचा रिवाजच तो. बहुतेक ब्रिटिश कॉमिक्स चित्रकाराचं नावही छापत नसत. आणि हक्कांचा करार हल्टनच्या काळातला, तुमच्या लाडक्या मालकांचा! शिवाय 'लायन' हे दुसरं चित्रकथा-साप्ताहिक बघा. १९५२ मध्ये 'ईगल'ला टक्कर द्यायला निघालं, स्वस्त कागद, स्वस्त छपाई. १९६९ मध्ये 'ईगल' विलीन झालं ते त्याच्यातच. काटकसर टिकली.

चित्रचक्रम
किती टिकली? १९७४ मध्ये 'लायन' 'व्हॅलियंट'मध्ये गेलं, १९७६ मध्ये 'व्हॅलियंट' 'बॅटल'मध्ये. मोठा मासा, त्याहून मोठा मासा. पुढे १९८२ मध्ये त्याच कंपनीला जुनं नाव परत काढावंसं वाटलं, ते 'ईगल'. 'लायन' नाही.

हिशेबनीस
त्या नव्या 'ईगल'मध्ये आधी फोटोकथा भरल्या होत्या आणि डॅन डेअर म्हणजे मूळ डॅन डेअरच्या खापरपणतूच्या पिढीतला कोणी. तरी १९९४ पर्यंत चाललं. राजे, तुमच्या हिशेबाने ते मेलेलंच जन्मलं का?