मदत हवी आहे: आयव्हीएफनंतर बाराव्या आठवड्यात इंजेक्शनं बंद करताना कुणाला अशी भीती वाटली होती का?

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ३६, लग्नाला ९ वर्षं झाली. आम्ही राहतो कराडला, ट्रीटमेंट पुण्यात. हे तिसरं ट्रान्सफर (म्हणजे गर्भ गर्भाशयात ठेवणं). १२ जूनला पाच दिवसांचा एक फ्रोजन एम्ब्रियो (गोठवलेला गर्भ) ठेवला. चौदाव्या दिवशी बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) ६४०, दोन दिवसांनी १४१०. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, ठोके दिसले. आज ११ आठवडे २ दिवस.

("जूनमध्ये ठेवलं मग अकरा आठवडे कसे गं?" हा हिशोब सासूबाईंना अजून पटलेला नाही. पाच दिवसांचा गर्भ ज्या दिवशी ठेवतात तो दिवसच २ आठवडे ५ दिवस धरतात, म्हणजे क्लिनिकच्या पायऱ्या चढतानाच मी कागदावर अडीच आठवड्यांची गरोदर! शेवटी त्यांनी बोटांवर मोजणं सोडलं आणि "तुमचं तुम्ही बघा" म्हणाल्या.)

आता मुद्द्याचं. रोज रात्री साडेनऊला तेलातलं प्रोजेस्टेरॉनचं (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन असतं. नवरा शेजारच्या सिस्टरांकडून द्यायला शिकला. काचेची कुपी आधी मुठीत धरून गरम करायची, नाहीतर ते दाट तेल सुईतून उतरतच नाही. दोन्ही बाजूंना गाठी झाल्यात, गरम पिशवी लावल्याशिवाय कुशीवर झोपता येत नाही. खरं तर हे संपणार म्हणून मी दिवाळी करायला हवी. पण इथल्या डॉक्टर म्हणाल्या, शनिवारी १२ आठवडे पूर्ण झाले की बंद करा, आणि तेव्हापासून पोटात गोळा आलाय. कुप्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवते. कालपासून चार वेळा उघडून मोजल्या. अकरा आहेत.

पुण्याच्या डॉक्टरांनी कारण नीट समजावलं होतं. आमची सायकल पूर्ण औषधांवरची होती, स्त्रीबीज फुटलेलंच नाही, त्यामुळे शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नव्हतं, ते बाहेरून द्यावं लागलं. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार (प्लॅसेंटा) ते काम हातात घेते. त्यांच्या मते दहा आठवड्यांनाच थांबवलं तरी चाललं असतं, इथल्या डॉक्टरांनी बारा सांगितले. म्हणजे शनिवारपर्यंत माझे दोन आठवडे जास्तीचेच होतील. डोक्याला हे सगळं कळतं.

पण गेल्या वर्षीचं सांगते. दुसऱ्या ट्रान्सफरला सहाव्या आठवड्यात ठोके दिसले होते, आठव्यात पुन्हा स्कॅनला गेलो. सोनोग्राफीवाल्या मॅडमनी प्रोब एकाच जागी खूप वेळ धरून ठेवला, नेहमीसारखं बोलणं थांबलं, आणि माझ्याकडे न बघता सिस्टरना म्हणाल्या, "यांच्या मिस्टरांना आत बोलवा." ठोके थांबून बरेच दिवस झाले होते. एक थेंब रक्त नाही, दुखणं नाही, उलट्यासुद्धा चालू. नंतर कळलं की प्रोजेस्टेरॉन चालू असलं की असं होऊ शकतं, आतलं थांबलेलं बाहेर कळत नाही.

म्हणजे इंजेक्शन चालू असतानाच ते गेलं. तरी मी त्याच इंजेक्शनला धरून बसलेय! आणि रक्तस्राव नाही म्हणून निश्चिंत व्हावं, तर तोही दिलासा मला उरलेला नाही. परवा सकाळी मळमळ झाली नाही तर नवरा ऑफिसला पोहोचायच्या आत त्याला तीन फोन केले. ठोके ऐकायचं घरगुती डॉपलर मशीन कार्टमध्ये टाकून ठेवलंय. डॉक्टर नको म्हणाल्या, या आठवड्यांत आपल्याला ते सापडेलच असं नाही आणि सापडलं नाही की रात्रभर जीव टांगणीला. खरंय. पण कार्टमधून काढलेलं नाही.

एनटी स्कॅन आणि डबल मार्कर (बाळात काही जनुकीय दोषाची शक्यता आहे का ते बघणारी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी) १९ तारखेला, इंजेक्शन बंद १६ ला. मधले तीन दिवस कसे काढू?

ज्यांची औषधांवरची सायकल होती त्यांनी सांगा: एकदम बंद केलंत की हळूहळू? नंतर डाग दिसला का? आणि स्कॅन होईपर्यंत चालू ठेवू का, हे विचारलं तर डॉक्टरांना मूर्खपणा वाटेल का?

दुसरं जरा घरगुती आहे. २७ ला गणपती, ३१ ला गौरी. सगळे गावी जमणार. घरात फक्त सासूबाईंना माहीत आहे. मी पाण्याची कळशी उचलली नाही की जाऊबाईंच्या एका नजरेत लक्षात येईल. मागच्या वेळी सातव्या आठवड्यातच सगळ्यांना सांगून बसलो होतो, आणि मग एकेकाला फोन करून परत सांगावं लागलं. आई (सासूबाई) म्हणतात, गौरीपुढे ओटी भरू आणि तेव्हाच सांगू. त्यांचं मन मोडवत नाही. माझं मात्र पाचव्या महिन्याचा स्कॅन होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं आहे.

अपडेट, १३ ऑगस्ट: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघीतिघींनी लिहिलंत की इथे विचारण्यापेक्षा सरळ डॉक्टरांना विचार. केला फोन. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधीच सांगायचं ना, स्कॅन अलीकडे घेऊ." ११ ते १४ आठवड्यांच्या मधे कधीही चालतो म्हणे, तर उद्याच साडेदहाला बोलावलंय. सगळं ठीक असेल तर शनिवारचं इंजेक्शन शेवटचं, आणि डाग दिसलाच तर थेट त्यांना फोन करायचा, रात्रीसुद्धा. मी आधीच सांगून ठेवलंय की काहीही दिसलं तरी आधी माझ्याशी बोला, मिस्टर आतच असतील.

डॉपलर कार्टमधून काढलं. (नवऱ्याने काढलं, मी बघत होते.)

गौरीचं काय करू त्यावर मात्र कुणीच काही लिहिलेलं नाही. जावांमध्ये राहिलेल्या बायका इथे कुणी नाहीत का?