'धंदा बसला तर सरकार भरेल' म्हणे! (चर्चा)

रबाळे_लेथ: ठाण्याच्या उद्योजकांच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरत होती: 'सीजीटीएमएसईत (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणारी सरकारी योजना) 10 कोटींपर्यंत बिनतारणी कर्ज, धंदा बसला तर सरकार भरेल.' कोणी लिहिलंय हे? हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. 30 लाख थकले आणि कव्हर 75 टक्के असेल तर हमी साडेबावीस लाखांची. त्यातलेही 75 टक्के, म्हणजे सतराएक लाख, बँकेला पहिल्या हप्त्यात, बाकीचे वसुली आटोपल्यावर. आणि वसुली तुमच्याकडूनच, अख्ख्या 30 लाखांची. सिबिलची वाट लागते ती वेगळीच. वर हमीची फी तुमच्याच खात्यातून.

माजी_क्रेडिट_ऑफिसर: फीचं रडगाणं पुरे. 2023च्या दरपत्रकात 10 ते 50 लाखांना वर्षाला 0.55 टक्के, म्हणजे 40 लाखांवर 22,000 अधिक जीएसटी. वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात सीएनसी मशीन लावणाऱ्याने तारण म्हणून ठेवायचं काय? गाळा मालकाचा, जमीन एमआयडीसीची. फाइल फीमुळे नाही, कागदांमुळे अडते. लिव्ह-लायसन्स 11 महिन्यांचं आणि कर्ज मागायचं सात वर्षांचं. उद्यमवर (लघुउद्योग नोंदणीत) एक पत्ता, जीएसटीत दुसरा. कोटेशनमध्ये मशीन 18 लाखांचं, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 24 लाखांचं!

वागळे_फॅब्रिकेटर: साहेब, तरी शाखेत फ्लॅटचे कागद मागतातच ना?

माजी_क्रेडिट_ऑफिसर: 10 लाखांपर्यंत तारण मागायला रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच मनाई केली. मोठ्या कर्जात थोडं तारण घेऊन उरलेल्या रकमेला हमी घेता येते. तिऱ्हाईत जामीन मात्र चालत नाही, मेव्हण्याला सहीसाठी आणू नका.

महापे_पॅकेजिंग: तारण-तारण काय लावलंय? कर्ज मिळूनही युनिटं बंद पडतात ती मोठ्या कंपन्या पेमेंट अडकवतात म्हणून. सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट 15 लाख. स्टॉक 8 लाख, 25 टक्के मार्जिन (आपला वाटा) वजा, राहिले 6. येणी 12 लाख, पण त्यातली 7 लाखांची बिलं 90 दिवसांपुढची. ती बँक मोजत नाही. उरलेल्या 5 लाखांतून मार्जिन गेलं की पावणेचार. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, पावणेदहा, उचल 13! असं 90 दिवस राहिलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत.

रबाळे_लेथ: मग लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा वापरा. आयकर कायद्यात कलम 43बी(एच) आल्यापासून वेळेत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही.

महापे_पॅकेजिंग: कायदा पाठ आहे हो! थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी सुविधा परिषदेत गेलं की बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळतं आणि पुढच्या महिन्यात कंपनीकडचा आपला व्हेंडर (पुरवठादार) कोड ब्लॉक होतो. तो कोड तुम्ही चालू करून देणार का?

माजी_क्रेडिट_ऑफिसर: ट्रेड्सवर (बिलं वटवून देणारा ऑनलाइन मंच) बिल टाका. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे.

महापे_पॅकेजिंग: नोंदणी सक्तीची, बिल स्वीकारणं नाही. स्टोअरवाला जीआरएनच (माल मिळाल्याची नोंद) करत नाही, 'क्वालिटीला पेंडिंग' म्हणतो.

रबाळे_लेथ: म्हणूनच गेटवर चलनावर शिक्का आणि तारीख घ्यायची. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. जीआरएन बोंबलत गेलं. उद्यम नोंदणी मात्र आधीची हवी, आणि ट्रेडरला हे लागू नाही.

महापे_पॅकेजिंग: बरं, शिक्क्याचं मान्य. बाकी तुम्हाला ऑर्डर गमवायची भीती नसेल, आम्हाला आहे.

माजी_क्रेडिट_ऑफिसर: मग बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये जुन्या बिलांच्या तारखा तरी पुढे ढकलू नका. ऑडिटर जीएसटीआर-1शी (विक्रीच्या जीएसटी विवरणाशी) ताळा करतो, तिथे पकडले जाता आणि नाव बँकेचं खराब करता.

वागळे_फॅब्रिकेटर: हे कोणाला उद्देशून?

माजी_क्रेडिट_ऑफिसर: ज्याला लागलं त्याला.