टिकलीच्या तोंडाला वास येतोय, कोणती ट्रीट किंवा च्यू (चघळायची वस्तू) द्यावी?

रानवारा:

नमस्कार मंडळी. आमची कुत्री टिकली सहा वर्षांची आहे. लहान चणीची, वजन आठ किलो, दोन-तीन जातींची सरमिसळ असावी. गेले चार महिने तिच्या तोंडाला वास येतोय. आधी अगदी जवळ आल्यावरच जाणवायचा, आता ती दारात जांभई देते आणि मला खुर्चीत बसल्याबसल्या कळतं. ती लहानपणापासून माझ्या उशीला डोकं टेकून झोपते. आठवडाभर तिला पायथ्याशी झोपवतोय, पण मध्यरात्री उठून ती हळूच वर येते. तिला परत खाली सरकवताना जीवावर येतं.

महिनाभर रोज एक डेंटल स्टिक (दातांसाठीची चघळायची कांडी) देतोय. टिकली ती दोन-तीनदा कडाकड चावते आणि गिळून टाकते, दहा सेकंदांत खेळ खलास. तासभर पुदिन्याचा वास येतो, मग पुन्हा तेच. पुदिन्याची बिस्किटं देऊन पाहिली, त्यांचंही तसंच.

स्टिक बदलू का? की जास्त टिकणारं, कडक काहीतरी देऊ, शिंग किंवा खूर वगैरे? कडक वस्तू चघळली तर दात आपोआप घासले जातील असा माझा अंदाज आहे. आणखी एक, हल्ली ती सगळं डाव्या बाजूनेच चावते. याचा वासाशी संबंध आहे की नाही कळत नाही, पण सांगून ठेवतो. बाकी खाणं-खेळणं व्यवस्थित आहे.

पाऊलखुणा:

शिंगाचा तुकडा द्या. आमच्याकडे एकच सहा महिने पुरला, दातही स्वच्छ दिसायचे. पिण्याच्या पाण्यात घालायचं द्रावण मिळतं, तेही बघा.

बंडूची आई:

रानवारा, कृपा करून शिंग देऊ नका. पाऊलखुणा, तुमच्याकडे सगळं नीट पार पडलं याचा आनंदच आहे, पण मी नेमकं हेच केलं आणि त्यात बंडूची दाढ गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बंडू आमचा लॅब्रॅडोर. चार वर्षांचा असताना त्याच्या तोंडाला वास यायला लागला. मी तुमच्यासारखाच विचार केला की कडक काहीतरी चघळू दे, दात घासून निघतील. शिंग आणलं. तो तासन्‌तास दोन पंजांत धरून बसायचा. मला वाटायचं, किती छान, बिचारा रमलाय आणि दातही साफ होतायत. वास मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आठ महिन्यांनी एका सकाळी त्याच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज दिसली. मला वाटलं काहीतरी चावलं असेल. डॉक्टरांनी ओठ वर उचलला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू खपली निघावी तशी सुटली होती आणि मधोमध एक काळपट ठिपका होता. तो ठिपका म्हणजे दाताची उघडी पडलेली नस. मुळाशी पू झाला होता आणि तो वाट काढत डोळ्याखाली आला होता.

ही वरची चौथी उपदाढ. कुत्री कडक वस्तू फोडायला हाच दात वापरतात, त्यामुळे असा तुटतोही बहुतेक वेळा हाच. त्याला तीन मुळं असतात, काढताना डॉक्टरांना दात तीन तुकड्यांत कापावा लागला. त्या आठ महिन्यांत बंडू एकदाही कण्हला नाही. वाटी चाटूनपुसून साफ करायचा, चेंडूमागे पळायचा. फक्त एका बाजूने चावायचा. ते मी रोज बघत होते आणि त्याचा अर्थ मला लागला नाही.

तुमच्या पोस्टमधलं 'डाव्या बाजूनेच चावते' हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. स्टिक कोणती हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. आज उजेडात तिचा उजवा ओठ वर उचला आणि मागच्या दाढा बघा. जबडा उघडायची गरज नाही. ओठाचा कोपरा अंगठ्याने मागे आणि वर सरकवला की दाढांची बाहेरची बाजू दिसते, आणि कीटण सगळ्यात जास्त तिथेच बसतं. कारण लाळेच्या ग्रंथीची नळी तिथेच उघडते. हिरडीची कड गुलाबी आहे की लाल, सुजलेली, ते बघा. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात त्यांच्यात रंगापेक्षा सूज आणि रक्त बघायचं.

आता ट्रीटने वास का जात नाही ते सांगते, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दातावर आधी जिवाणूंचा मऊ, बुळबुळीत थर बसतो. लाळेतल्या क्षारांमुळे तो दोन-तीन दिवसांत दगडासारखा कडक होतो, तेच कीटण. माणसापेक्षा कुत्र्याची लाळ जास्त अल्कधर्मी असते. म्हणून त्यांचे दात आपल्यासारखे फारसे किडत नाहीत, पण कीटण मात्र भराभर साठतं. च्यूने मऊ थर खरवडला जातो. एकदा दगड झाला की च्यूचं त्याच्यापुढे फारसं काही चालत नाही. आणि खरा वास येतो तो हिरडीच्या आतल्या खोबणीतून. तिथे हवा पोचत नाही, तिथले जिवाणू गंधकाचे वायू सोडतात, म्हणून तो सडक्या अंड्यासारखा येतो. त्या खोबणीत कुठलीच स्टिक शिरत नाही. वरून पुदिना लावला की तासभर आपल्यालाच बरं वाटतं.

वास कसला आहे हेही नीट हुंगून ठरवा, कितीही नकोसं वाटलं तरी. लघवीसारखा किंवा अमोनियासारखा असेल तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. गोडसर, पिकलेल्या फळासारखा असेल आणि सोबत पाणी पिणं वाढलं असेल तर मधुमेहाची. असं काही असेल तर थांबू नका.

सावलीतला:

एक छोटी भर. आमच्या स्पॅनियलचे दात चकचकीत होते तरी वास यायचा. शेवटी सापडलं ते खालच्या ओठाच्या घडीत. तिथे लाळ आणि अन्नाचे कण अडकून कातडी लालभडक झाली होती. आता जेवणानंतर ओल्या कापडाने पुसून कोरडी करतो, वास गेला. शेपटीखालच्या ग्रंथी भरल्या आणि कुत्रा तिथे सारखा चाटत असला तरी तोंडाला मासळीसारखा वास येतो.

रानवारा:

बंडूची आई, काल संध्याकाळी टॉर्च लावून बघितलं. डावीकडे दाढा पिवळट आहेत, पण दात म्हणून ओळखू येतात. उजवीकडे वरच्या मोठ्या दाढेवर तपकिरी जाड कवच आहे, दाताचा आकारच दिसत नाही. हिरडीची कड लालभडक. कापसाने अलगद स्पर्श केला तर कापसावर रक्ताची बारीक रेघ उमटली आणि टिकलीने मान फिरवून घेतली. ओरडली नाही, फक्त माझा हात चाटला. इतके दिवस मी तिला वास येतो म्हणून दूर ढकलत होतो आणि तिचं तोंड दुखत होतं.

गुरुवारची वेळ घेतली आहे. दात साफ करायला भूल द्यावी लागेल, तिची भीती वाटते. एका ठिकाणी भूल न देता दात साफ करून देतो म्हणाले. ते करून घ्यावं का?

बंडूची आई:

हात चाटला हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही आता बघितलंत आणि लगेच वेळही घेतलीत, तिच्यासाठी आज तेच महत्त्वाचं आहे.

भुलेशिवाय नको. त्यात दाताचा दिसणारा भाग खरवडून पांढरा करतात. हिरडीखाली जागं कुत्रं हत्यार घालू देत नाही, आणि रोग तर तिथेच आहे. दात शुभ्र दिसतात, आपण निश्चिंत होतो आणि आत हाड झिजत राहतं. शिवाय एक्स-रे काढता येत नाही. दाताचा निम्म्याहून जास्त भाग हिरडीच्या आत असतो, तो एक्स-रेशिवाय दिसणार कसा? भुलेची भीती मलाही होती. डॉक्टरांना सरळ विचारा: आधी रक्ततपासणी करणार का, घशात नळी घालणार का, पूर्ण वेळ हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कोण बघणार. नळीमुळे खरवडताना उडणारं पाणी आणि घाण फुफ्फुसात जात नाही. मला ही उत्तरं मिळाली तेव्हा माझी धास्ती बरीच कमी झाली.

च्यूबद्दल विचारलं होतंत, तेही सांगते. पण हे सगळं तोंड बरं झाल्यावर. दुखऱ्या हिरड्यांवर आत्ता काही चघळायला देऊ नका.

मी आता कुठलीही च्यू आणली की आधी अंगठ्याचं नख दाबून बघते. नखाची खूण उमटली तर ठीक. उमटली नाही तर ती दातापेक्षा कडक आहे असं समजते आणि परत करते. शिंग, खूर, मोठी हाडं, बर्फाचे खडेसुद्धा या परीक्षेत नापास होतात. शिजवलेल्या हाडांचे तर सुळ्यासारखे तुकडे होतात, ती घशात आणि आतड्यात टोचतात. चामड्याच्या पट्ट्यांचं वेगळं दुखणं आहे, चघळून मऊ झालेला मोठा गोळा एकदम गिळला जातो आणि अडकतो.

पाकिटावर व्हीओएचसी ही अक्षरं असलेली मोहोर शोधा. अमेरिकेतली ही पशुदंतवैद्यकाची परिषद 1997 पासून अशा उत्पादनांच्या चाचण्यांचे निकाल तपासून मोहोर देते. प्लाकसाठी (म्हणजे तो मऊ थर) वेगळी असते, टार्टरसाठी (म्हणजे कीटण) वेगळी. नुसतं 'श्वास ताजा' असं लिहिलेलं असेल तर त्यावरून दाताला काही फायदा होतो की नाही हे ठरत नाही. काही च्यूंवर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचा लेप असतो. तो लाळेतलं कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून मऊ थराचा दगड व्हायला वेळ लागतो.

आणि टिकली दहा सेकंदांत गिळते, तर त्या स्टिकचा दाताला स्पर्शच कितीसा होणार? वजनाप्रमाणे योग्य आकार घ्या, लहान घेऊन पैसे वाचवू नका. एक टोक तुम्ही मुठीत घट्ट धरा आणि दुसरं टोक तिच्या मागच्या दाढांकडे न्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी बंडूजवळ जमिनीवर बसते. तो कडेने मान वाकडी करून चावतो आणि मला दात हिरडीच्या कडेपर्यंत च्यूत रुतताना दिसतो. शेवटचा बोटभर तुकडा काढून घेते, कारण तोच गिळला जातो. दिवसभरातल्या सगळ्या ट्रीट मिळून खाण्याच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवा. आठ किलोच्या जीवाला एक स्टिकही बरीच होते, तेवढं वाटीतलं कमी करा.

ब्रशला मात्र तोड नाही. फक्त बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेला ब्रश तिरका धरून, रोज. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. आपल्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असतं, कधीकधी झायलिटॉलही. झायलिटॉलने कुत्र्याची साखर एकदम उतरते, यकृत निकामी होऊ शकतं. पाऊलखुणांनी सांगितलेलं पाण्यातलं द्रावण घेणार असाल तर त्याच्याही घटकांत झायलिटॉल नाही ना, ते वाचा.

पाऊलखुणा:

बंडूची आई, काल आमच्याकडचं शिंग नखाने दाबून बघितलं. अजिबात खूण उमटली नाही. टाकून दिलं. दाढाही बघितल्या, शाबूत आहेत. आभार.

रानवारा:

तीन आठवड्यांनी लिहितोय. टिकलीचे दोन दात काढावे लागले, उजवीकडची ती मोठी दाढ आणि तिच्या पुढची. एक्स-रेमध्ये मुळाभोवतीचं हाड जवळजवळ उरलेलं नव्हतं. बाकीचे चाळीस दात साफ करून जागेवर आहेत. भूल व्यवस्थित उतरली. संध्याकाळी ती झोकांड्या खात दारातून आत आली आणि सरळ आपल्या वाटीपाशी गेली. दहा दिवस मऊ खाणं आणि वेदनाशामक चाललं. टाके आपोआप विरघळले.

वास चौथ्या दिवशीच जाणवेनासा झाला. परवा डॉक्टरांनी तपासून ब्रश सुरू करायला सांगितलं. सध्या ती फक्त पेस्ट चाटते आणि ब्रश दोन सेकंद दाताला लावू देते, रोज एकेक दात वाढवतोय. काल पहिल्यांदा मोहोर असलेली मऊ च्यू दिली, टोक मुठीत धरून. आधी डावीकडे चावली. मग मी हात उजवीकडे नेला, ती क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि उजव्या बाजूने चावायला लागली.

रात्री ती पुन्हा उशीवर होती.